लखलखाट आणि मृदु छाया

घरोघरच्या जुन्या छायाचित्रांच्या वहींत निदान एक तरी चित्र असें आढळतें, कीं तें पाहतांच घरांतील मंडळी हंसूं लागतात. लग्नाची पंगत असते किंवा बारशाचा समारंभ असतो. वेळ रात्रीची असते. चित्रांतील माणसांचे डोळे ताठरलेले, कपाळें व नाकांचे शेंडे चुन्यानें सारवल्यासारखे पांढरे, आणि प्रत्येकाच्या मागें भिंतीवर एकेक काळीकुट्ट सांवली, जणूं कोणी कात्रीनें कापून चिकटविलेली. ज्या आत्याबाई साऱ्या घरांत सौम्य म्हणून प्रसिद्ध, त्याच ह्या चित्रांत कोणावर तरी वसकन् ओरडतील अशा दिसतात. दोष आत्याबाईंचा नसतो, आणि बहुधा छायाचित्रकाराच्या हाताचाहि नसतो. दोष असतो तो प्रकाशाचा. अधिक नेमकें बोलावयाचें तर, प्रकाश जेथून निघाला त्या जागेच्या लहानपणाचा.

प्रकाश कठोर कां होतो आणि मृदु कां होतो, ह्याचें उत्तर रोजच्या आकाशांत आहे. सूर्याचा व्यास सुमारें १४ लक्ष किलोमीटर. परंतु तो पृथ्वीपासून सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर असल्यामुळें आकाशांत त्याची तबकडी जेमतेम अर्ध्या अंशाएवढी दिसते. म्हणून निरभ्र दुपारीं विजेच्या खांबाची सांवली रेघ मारल्यासारखी पडते. तोच सूर्य आषाढांत ढगांआड गेला, कीं खांबाची सांवली नाहींशी होते. सूर्य बदललेला नसतो; पण आतां प्रकाश त्या चिमुकल्या तबकडींतून न येतां क्षितिजापर्यंत पसरलेल्या साऱ्या ढगांच्या छतांतून येतो, आणि एका बाजूनें अडलेला प्रकाश दुसऱ्या बाजूनें येऊन सांवली धुवून टाकतो. प्रकाशाचें उगमस्थान वस्तूच्या जागेवरून जितकें मोठें दिसेल तितकी छाया मृदु. जितकें लहान दिसेल तितकी ती कठोर. छायाचित्रणांतील कृत्रिम प्रकाशाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं ह्या एका नियमाशीं माणसानें केलेली झटापट होय.

नवल असें कीं, हा नियम छायाचित्रकारांच्या पहिल्या पिढीला पुरता ठाऊक होता. तिनें तो चित्रकारांपासून घेतला होता. त्या काळच्या छायाचित्रशाळा इमारतीच्या माथ्यावर बांधीत. छपराचा आणि एका भिंतीचा मोठा भाग कांचेचा असे, आणि तो होतां होईल तों उत्तरेकडे ठेवीत, म्हणजे ऊन सरळ आंत येत नसे, केवळ आकाशाचा उजेड येई. कांचेखालीं पांढरे व निळे पडदे दोऱ्यांवर सरकत. खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या अंधाऱ्या बाजूस पांढरें कापड ताणलेली लांकडी चौकट उभी केली, कीं खिडकीकडून येणारा प्रकाश तिच्यावरून उलटून गालाच्या छायेंत शिरे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढील वर्षीं एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि १८९६ सालीं राजा दीनदयाळ यांनीं मुंबईंत आपली चित्रशाळा उघडली. त्या काळच्या चांगल्या चित्रांतील चेहऱ्यांवर जी एक शांत गोलाई दिसते, ती ह्या कांचेच्या छपराची आणि पांढऱ्या पडद्याची देणगी होय. अडचण एकच होती. सूर्य मावळला, कीं दुकान बंद. लंडनसारख्या शहरांत तर हिवाळ्यांत धुक्यामुळें तें भर दुपारींच बंद करण्याचा प्रसंग येई.

सूर्यावांचून चित्र घेण्याचा एक विलक्षण प्रयोग १४ जून १८५१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें झाला. कागदी छायाचित्रणाचा जनक विल्यम हेन्री फॉक्स टालबॉट यानें टाइम्स वृत्तपत्राचा एक तुकडा एका चाकावर चिकटविला, खोलींत अंधार केला, चाक वेगानें फिरविलें आणि लायडेनच्या बरण्यांत साठविलेली वीज एकदम सोडून तिच्या ठिणगीच्या प्रकाशांत चित्र घेतलें. फिरत्या कागदावरील अक्षरें चित्रांत स्थिर उमटलीं. लखलखाटानें घेतलेलें हें पहिलें छायाचित्र मानतात. टालबॉटला छायेची चिंता करावी लागली नाहीं, कारण कागदाला नाक नसतें आणि डोळ्यांखालीं खोबणीहि नसतात.

ती चिंता करण्याची पाळी आली पॅरिस येथील नादार याजवर. गास्पार फेलिक्स तूर्नाशों हें त्याचें खरें नांव. जन्म १८२० चा, मृत्यु १९१० चा. व्यंगचित्रकार, विमानविद्येचा नादी, बोलघेवडा आणि धाडसी असा हा पुरुष होता, आणि माणसाच्या चेहऱ्याची जाण तर त्याच्याइतकी त्या पिढींत क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. १८६० च्या सुमारास त्यानें बुलेव्हार दे कापुसीन ह्या हमरस्त्यावरील आपल्या चित्रशाळेंत बन्सेनच्या घटांची मोठी बॅटरी मांडली आणि कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची कमान पेटविली. तो प्रखर उजेड पाहून रस्त्यावर संध्याकाळीं लोकांची गर्दी होई, आणि दिव्यावर पांखरें यावींत तसे कुतूहलानें भारलेले पुष्कळजण वर चढून येत. त्यांना खुर्चीवर बसवून नादार चित्रें घेई.

चित्रें आलीं, पण तीं पाहून तो स्वतःच खट्टू झाला. कमानीचा उजेड म्हणजे जवळजवळ एका बिंदूतून निघणारा उजेड. त्यानें कपाळ आणि गालफडें पांढरींफेक झालीं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या गुहांसारख्या दिसूं लागल्या, आणि छायेंतील भागांत कांहींच तपशील उरला नाहीं. त्या काळच्या कलोडियनच्या ओल्या कांचांना निळा-जांभळा प्रकाश तेवढा कळे, तांबडा जवळजवळ कळत नसे. म्हणून चेहऱ्यावरचा प्रत्येक लालसर डाग चित्रांत काळा होऊन येई, ही आणखी एक पीडा. दिवसाउजेडीं ज्याच्या चित्रांत माणसाचा स्वभाव डोळ्यांतून बोलत असे, त्याच्याच हातून रात्रीं मुखवटे निघूं लागले.

नादारनें पुढें जें केलें, तें आजच्या छायाचित्रकाराच्या सामानाच्या पेटींत जसेंच्या तसें सांपडतें. प्रथम त्यानें मध्यें दुधी कांच उभी करून पाहिली. तिचा फारसा उपयोग झाला नाहीं. मग त्यानें पांढऱ्या जाड कापडाचे परावर्तक मांडले. शेवटीं मोठमोठे आरसे अशा रीतीनें लावले, कीं त्यांवरून उलटलेला प्रकाश मधून मधून छायेच्या भागांवर पडत राहावा. एक मुख्य प्रकाश आणि छायेंत शिरून तिची समजूत काढणारा दुसरा दुबळा प्रकाश, ही जोडी कृत्रिम उजेडाच्या क्षेत्रांत पुरतेपणीं ओळखणारा बहुधा तोच पहिला. ह्या शोधाचें पेटंटहि त्यानें १८६१ सालीं घेतलें.

त्याच सुमारास तो दिवे, तारा व कॅमेरा घेऊन पॅरिसच्या पोटांत उतरला. शहराखालच्या जुन्या खाणींत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्मशानांतील अस्थि आणून रचल्या होत्या. त्या भुयारांचीं, आणि मागाहून गटारांचीं, त्यानें चित्रें घेतलीं. बॅटऱ्या पुष्कळदां वर रस्त्यावर ठेवून तारा विहिरींतून खालीं सोडाव्या लागत. एकेका चित्राला १८ मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ जिवंत मनुष्य स्थिर उभा राहणार कसा? म्हणून त्यानें कामगाराचे कपडे चढविलेले पुतळे उभे केले. एकदां गटारांत सारी सिद्धता होऊन वेळ संपत आली, आणि अगदीं शेवटच्या क्षणीं पाण्यावरून धुकें उठून कांच वायां गेली. मुडद्यांच्या कवट्यांना मृदु प्रकाशाची गरज नव्हती; तेथें त्याच्या दिव्याची कठोरता शोभूनहि दिसते. परंतु विजेचा हा सारा संसार इतका अवजड आणि खर्चाचा होता, कीं सामान्य धंदेवाईकास तो परवडण्यासारखा नव्हता.

सामान्य धंदेवाईकास हवा होता खिशांत मावणारा सूर्य. तो मॅग्नेशियम धातूनें दिला. ह्या धातूचा जळतांना पडणारा प्रकाश छायाचित्रणास उपयोगी पडेल, असें बन्सेन व रॉस्को ह्या रसायनज्ञांनीं १८५९ सालीं दाखविलें होतें. मँचेस्टर येथें एडवर्ड सॉनस्टॅट यानें धातूची तार तयार करण्याची युक्ति काढली, आणि १८६४ सालीं त्याच शहरांतील आल्फ्रेड ब्रदर्स ह्या छायाचित्रकारानें ती जाळून डर्बीशायरमधील ब्लू जॉन खाणीचें आणि पुढें माणसांचीं चित्रें घेतलीं. १८६५ सालीं चार्ल्स पियाझी स्मिथ ह्या ज्योतिष्यानें हीच तार ईजिप्तच्या महान पिरॅमिडच्या आंत जाळली. तार जळे तेव्हां पांढऱ्या धुरानें खोली भरून जाई, आणि दुसरें चित्र घेण्यापूर्वीं दारें-खिडक्या उघडून वाट पाहावी लागे. पण तिचा एक गुण फारसा कोणी सांगत नाहीं. ती कांहीं सेकंद जळत राही. तेवढ्या वेळांत चतुर छायाचित्रकार जळती तार हातानें इकडून तिकडे हालवीत असे. उगमस्थान एका ठिकाणीं न राहतां हातभर पसरे, आणि सांवलीची कड आपोआप विरघळे. एका बिंदूचा ढग करण्याची ही सर्वांत स्वस्त रीत म्हणावी लागेल.

१८८७ सालीं जर्मनींत आडोल्फ मीथे आणि योहान्नेस गेडिके ह्यांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून एक चूर्ण सिद्ध केलें. तें पेटविल्याबरोबर भडकन् जळे आणि क्षणार्धांत विझे. हालत्या माणसांचें चित्र रात्रीं घेणें त्यामुळें शक्य झालें. आणि ह्या चूर्णानें छायाचित्रणाच्याच नव्हे, तर एका महानगराच्या इतिहासांतहि जागा मिळविली.

जेकब रीस हा डेन्मार्कमधील रीबे गांवचा. १८४९ सालीं जन्मलेला हा तरुण १८७० सालीं अमेरिकेंत आला, उपाशीपोटीं भटकला, पोलिसांच्या धर्मशाळांत निजला, आणि पुढें न्यूयॉर्क येथें पोलिस-वार्ताहर झाला. मलबेरी रस्त्याच्या आसपासच्या चाळींत माणसें कशीं राहतात, हें तो वर्षानुवर्षें लिहीत होता. पण लिहिलेल्याचा परिणाम होत नसे. अंधाऱ्या खोल्यांत दिवसासुद्धां कॅमेऱ्याला कांहीं दिसत नसे. जर्मन चूर्णाची चार ओळींची बातमी १८८७ सालीं सकाळच्या वर्तमानपत्रांत वाचतांच त्याला वाट सांपडली. आरोग्य खात्यांतील डॉ. जॉन नेगल आणि हौशी छायाचित्रकार हेन्री पिफर्ड व रिचर्ड लॉरेन्स ह्यांना बरोबर घेऊन तो मध्यरात्रीं वस्त्यांतून हिंडूं लागला. आरंभीं चूर्णाचीं काडतुसें पिस्तुलांतून उडवीत. चार अनोळखी माणसें अपरात्रीं दारांतून आंत येतात आणि पिस्तूल झाडतात, असा प्रकार पाहून रहिवासी खिडकीवाटे पळ काढीत. मग रीसनें पिस्तूल टाकून स्वयंपाकघरांतील तळण्याचा तवा घेतला आणि त्यांत चूर्ण पेटविण्यास सुरुवात केली. तव्याची भीति कोणास वाटत नाहीं.

एकदां पांच आंधळ्या भिकाऱ्यांच्या माळ्यावरील खोलींत चित्र घेतांना भिंतीवर लोंबणाऱ्या कागदांनीं व चिंध्यांनीं पेट घेतला. घरांत डोळस असा तो एकटाच. जिन्याखालीं माणसें भरलेलीं. त्यानें कशीबशी आग दडपली आणि मग खालीं येऊन पोलिसाला गांठलें. पोलिस हंसूं लागला. तें घर त्या हिवाळ्यांत अनेक वेळां पेटलें होतें, पण भिंतीवर मळाचा थर इतका जाड होता कीं आग आपोआप गुदमरून विझे, असें त्याचें म्हणणें. हा किस्सा रीसनें स्वतःच १८९० सालच्या आपल्या ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ ह्या पुस्तकांत नमूद केला आहे.

त्याच पुस्तकांत बेयार्ड रस्त्यावरील एका खोलीचें वर्णन आहे. तेरा फूट लांबीरुंदीचीहि ती नव्हती, आणि तींत १२ माणसें निजलेलीं होतीं. त्या प्रसंगाचें चित्र पाहणाऱ्यास विसरतां येत नाहीं. झोंपेंतून दचकून उठलेले चेहरे, अर्धवट उघडे डोळे, आणि समोरून आदळलेला पांढरा उजेड. त्या उजेडाला कोठेंहि गाळणी नाहीं, पडदा नाहीं, परावर्तक नाहीं. भिंतीचें प्रत्येक पोपडें, चिंधींतील प्रत्येक भोंक, लोंबणारें प्रत्येक गांठोडें त्यांत स्पष्ट उमटलें आहे. घाण दाखविणें हाच हेतु असेल, तर याहून योग्य प्रकाश मिळाला नसता. आणि परिणामहि झाला. १८९५ सालीं पोलिस-मंडळाचा अध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट रीसबरोबर रात्रीं फिरला. पोलिसांच्या त्या धर्मशाळा १८९६ सालीं बंद झाल्या. मलबेरी बेंडची कुप्रसिद्ध वस्ती पाडून तेथें १८९७ सालीं बाग झाली.

तथापि ह्या यशाची एक किंमत होती, आणि ती चित्रांतील माणसांनीं दिली. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. नागवा लखलखाट भिंतीचा पोपडा आणि माणसाचा गाल यांत भेद करीत नाहीं. दोहोंनाहि तो सारखेंच सपाट करतो. खोली ओळखूं येते, माणूस ओळखूं येत नाहीं. १९०४ पासून एलिस बेटावर उतरणाऱ्या निर्वासितांचीं चित्रें घेणारा शिक्षक लुइस हाइन ह्यानेंहि हेंच चूर्ण वापरलें. पण भाषा येत नसतांना तो खुणांनीं त्यांची संमति घेई, त्यांना गर्दींतून बाजूला उभें करी, एकाच भडक्यांत चित्र साधावें म्हणून वाट पाही. त्याच्या चित्रांतील बाया पोरें कडेवर घेऊन प्रेक्षकाकडे समोरासमोर पाहतात. दोघांचाहि हेतु चांगला होता. चित्रांत जें वेगळेपण दिसतें, तें चूर्णाचें नसून वागणुकीचें आहे, असें मानावें लागतें. मात्र प्रकाश मृदु करण्याचा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा नाहीं, हें ह्या दोघांच्या चित्रांकडे एकामागून एक पाहिलें असतां कळून येतें.

चित्रशाळांतून चूर्ण वापरणाऱ्यांनीं तेवढ्यांत त्यावर उपाय काढला होता. पांढऱ्या पातळ कापडाची एक मोठी पिशवी किंवा तंबू करून चूर्ण त्याच्या आंत पेटवीत. मूळ हेतु घरंदाज गिऱ्हाइकांच्या पडद्यांवर व पक्वान्नांवर राखेचा वर्षाव होऊं नये, धूर कोंडून बाहेर नेतां यावा, एवढाच; पण पिशवी उजळली कीं ती स्वतःच एक लहानसा ढग होई, आणि मेजवानीच्या चित्रांतील मंडळी एकाएकीं माणसाळलेलीं दिसत. धूर टाळण्याच्या खटपटींत छाया मृदु झाली. शास्त्राच्या इतिहासांत असे उपकार वारंवार घडतात. चूर्णाचा धोका मात्र पिशवीनें कमी झाला नाहीं. तें दमट झालें तर पेटत नसे, आणि दळतांना जरा घासलें तर हातांतच भडके. कित्येक छायाचित्रकारांचीं बोटें, दृष्टि आणि कांहींचे प्राणहि त्यापायीं गेले.

चूर्णाची ही दहशत संपविली कांचेच्या फुग्यानें. जळणारी धातु आणि प्राणवायु कांचेच्या बंद बल्बमध्यें कोंडण्याचें पेटंट पॉल फिरकेटर यानें १९२५ सालीं घेतलें, आणि योहान्नेस ओस्टरमायर यानें प्राणवायूंत ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख भरलेला ‘व्हाकुब्लिट्झ’ बल्ब १९२९ च्या सुमारास बाजारांत आणला. लगोलग इंग्लंड-अमेरिकेंतहि तसे बल्ब निघाले. धूर नाहीं, आवाज नाहीं, राख नाहीं. एक बल्ब एकदांच जळे. वार्ताहरांच्या खिशांत ते चिंचोक्यांसारखे खुळखुळत. बल्बच्या मागें चकचकीत धातूची वाटी बसवून ती कॅमेऱ्यालाच जोडलेली असे. म्हणजे प्रकाश पुन्हां लहान झाला, आणि पुन्हां डोळ्यांसमोरूनच येऊं लागला. न्यूयॉर्कचा वीजी, म्हणजे आर्थर फेलिग, ह्यानें खून, आगी आणि अपघात ह्यांचीं जीं चित्रें १९४५ सालच्या ‘नेकेड सिटी’ ह्या ग्रंथांत छापलीं, त्यांत ही कठोरता त्यानें आपली सहीच करून टाकली. उलट पक्षीं फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसों हा फ्लॅशला शिवतच नसे. असलेल्या उजेडाचा मान राखावा, असें त्याचें मत होतें.

ह्या दोन टोकांच्या मध्यें जे हजारों साधे छायाचित्रकार होते, त्यांनीं आपल्यापुरते तोडगे शोधले. वर्तमानपत्रवाले वाटीवर खिशांतला हातरुमाल बांधीत. रुमालाच्या एका घडीनें प्रकाश सुमारें निम्मा होई, आणि जवळच्या माणसाचा चेहरा जळून जात नसे. पण सांवलीची कड तेवढ्यानें फारशी विरत नसे. कारण रुमाल बांधला तरी प्रकाश वाटीएवढ्याच जागेंतून निघतो. प्रकाशासमोर धरलेलें कापड प्रकाशाला मृदु करीत नाहीं. त्या कापडाचें विस्तीर्णपण त्याला मृदु करतें. ही गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें आजहि कितीएक लोक पैसे खर्चून फ्लॅशवर दुधी टोपी बसवितात आणि उघड्या मैदानांत उभे राहून चांगल्या सांवल्यांची वाट पाहतात. खोलींत ती टोपी थोडेंफार काम देते, तें भिंती व छत यांच्या जिवावर.

खरी युक्ति होती ती वाटीचें तोंड छताकडे वळविण्याची. दोन बोटें रुंदीचा झोत छतावर चार-पांच फूट पसरतो. मग तेवढें छतच दिवा होतें. ह्यांत प्रकाशाचा मोठा भाग वाटेंत खर्ची पडतो, चौथा हिस्सा पोंचला तरी पुष्कळ. म्हणून भिंगाचें द्वार त्या मानानें अधिक उघडावें लागतें. छत फार उंच असेल तर डोळ्यांखालीं सांवली सांचते. आणि छत रंगीत असेल तर रंगीत छायाचित्रांत फजीती ठरलेली. आपल्याकडील घरांत ज्या हिरव्या तैलरंगाची एके काळीं मोठी चाल होती, त्या भिंतीवरून उलटलेल्या प्रकाशांत नवरीमुलगी कावीळ झाल्यासारखी दिसे.

ह्या उपायांची गरज पुढें वाढली, ती हॅरोल्ड एजर्टन यानें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या ह्या अध्यापकानें (१९०३ ते १९९०) १९३१ सालापासून वायु भरलेल्या कांचेच्या नळींत विजेचा साठा एकदम सोडून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि अल्प असा लखलखाट पुनःपुन्हां पाडण्याची विद्या पूर्णत्वास नेली. दुधाचा थेंब पडतांना उठणारा मुकुट त्यानें चित्रांत पकडला. १९४४ सालीं नॉर्मंडीवरील स्वारीच्या आदल्या रात्रीं शत्रूच्या हालचाली टिपण्यास त्याचे प्रचंड दिवे विमानांत बसविले होते. आजच्या चित्रशाळांतील फ्लॅशमध्यें त्याचीच नळी आहे. तिला बल्बप्रमाणें बदलावें लागत नाहीं. पण ती बल्बाहूनहि लहान आहे. म्हणून चित्रशाळांतून पांढऱ्या छत्र्या उभ्या राहिल्या, पुढें काळ्या कापडाच्या आणि समोरून पांढरा पडदा लावलेल्या पेट्या आल्या. तीन फुटांची छत्री चेहऱ्यापासून तीन फुटांवर असतांना जी किमया करते, ती पंधरा फुटांवर नेली असतां करीत नाहीं. तेथून ती चेहऱ्याला टिकलीएवढीच दिसते. मुंबईच्या चित्रपटवाल्यांनीं तर थर्माकोलच्या पांढऱ्या फळीवर आपलें काम भागविलें. ती हलकी, स्वस्त, आणि मोडली तरी हळहळ वाटत नाहीं.

ह्या प्रकरणांतील सर्वांत सुंदर अध्याय मात्र फ्लॅशचा नाहीं, आणि परदेशांतलाहि नाहीं. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) ह्या चित्रपटांत काशींतील एका घराचा चौक आहे. अशा चौकांत ऊन क्वचितच उतरतें. वरच्या चौकोनी आकाशांतून झिरपणारा सांवलीविरहित उजेड तेवढा असतो. तो चौक कलकत्त्याच्या स्टुडिओंत बांधण्याचें ठरलें, तेव्हां छायालेखक सुब्रत मित्र यांनीं कडाडून विरोध केला. स्टुडिओच्या दिव्यांनीं हा उजेड येणें शक्य नाहीं, असें त्यांचें म्हणणें. राय व कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनीं तें मानलें नाहीं. तेव्हां पंचविशीच्या त्या तरुणानें चौकाच्या माथ्यावर, जेथें आकाश असावयाचें तेथें, चित्रकाराचें पांढरें कापड चौकटीवर ताणून बसविलें आणि दिवे नटांकडे न रोखतां खालून त्या कापडावर रोखले. कापडावरून उलटून जो उजेड खालीं उतरला, तो पाहून हें घर काशींत नाहीं असें आजवर फारसें कोणी ओळखलें नसेल. स्वीडनचा विख्यात छायालेखक स्वेन न्यूक्विस्ट ह्याच्या अशाच पद्धतीची वाहवा अमेरिकन नियतकालिकांत पुढें कांहीं वर्षांनीं झाली, तेव्हां आपल्याकडे ती आधींपासून चालू असल्याचें राय यांनीं लिहून ठेवलें आहे. जेथें चूर्ण नव्हतें, महाग यंत्र नव्हतें, तेथें नादारच्या पांढऱ्या कापडानें पुन्हां एकदां काम केलें. मित्र यांना नादारच्या कापडाची आठवण झाली असेल असें नव्हे, पण अडचण तीच होती आणि तिची तोडहि तीच निघाली.

महाराष्ट्रांत ही विद्या वाटाड्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. वेरूळ-अजिंठ्याकडे लेण्याच्या दाराशीं आरसा किंवा चकचकीत पत्रा उन्हांत धरून कवडसा आंत पाठवावयाचा आणि तो पांढऱ्या कापडावर पाडून त्या उजेडांत मूर्ति व चित्रें दाखवावयाचीं, ही त्यांची जुनी रीत. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत आज फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तीव्र प्रकाशाचे घाव प्राचीन रंगांना सोसवत नाहींत, ही भीति त्यामागें आहे. परंतु भीति नसती तरी फ्लॅशनें तेथें फारसें हातीं लागलें नसतें. ओबडधोबड भिंतीवरील रंगाच्या थरावर समोरून उजेड आदळला, कीं चकाकी तेवढी परत येते आणि रंग मागें राहतो. १९९१ पासून बिनय बहल यांनीं तेथें चित्रें घेतलीं, तीं आंतील अत्यल्प उजेडावर विसंबून, कॅमेऱ्याचें द्वार दीर्घ काळ उघडें ठेवून. १९९८ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या झुकलेल्या मानेवर आणि गालावर त्या अनामिक चित्रकारानें जी अलगद छाया ठेवली होती, ती ह्या चित्रांत कोठेंहि पुसलेली नाहीं.